कॅप्टनचं गोत्र

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. माझी शाळा नववीतच सुटली, शब्दही साधेच येतात. पण इथे ऑस्ट्रेलियात क्वेकर्स हिलच्या लायब्ररीत दर शनिवारी आमचा पूर्वज शोधणाऱ्यांचा ग्रुप जमतो, आणि दर वेळी एखादा किस्सा माझ्याबरोबर घरी येतो. आता ठेवायला जागा नाही!

शेजारचे बापट काका, रिटायर्ड इंजिनियर, तिथले गुरुजी. मी त्यांना गाडीने सोडायला गेलो आणि बसलोच. तिथे कुणी "किती शिकलास?" विचारत नाही.

*

ग्रुपमधली जोन ऐंशीची. तिचा पूर्वज अमेरिकेत कॅप्टन होता, तिथे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. त्याचा पणतू सोनं शोधत ऑस्ट्रेलियात आला आणि इथलाच झाला.

काकांनी वंशावळीचा कागद ओढला. पहिला प्रश्न, "गोत्र काय?"

मग गोत्र म्हणजे काय तेही समजावलं. जोनने विचार करून आपल्या चर्चचा पंथ सांगितला, "प्रेसबिटेरियन!"

काकांनी तेच लिहिलं.

*

कॅप्टनची बायको आधी हॅना, पुढे ॲबिगेल. काकांनी दोघींची एकच चौकट केली. "लग्नात नाव बदललं असणार. आमच्या आईचंही बदललं होतं."

मी म्हटलं, "काका, हॅना वारली. मग त्याने दुसरं लग्न केलं."

काका खोडरबर शोधत पुटपुटले, "सॉरी, हॅना."

*

एकदा जोनने लॅमिंग्टन केक आणले. कॅप्टनचा वाढदिवस!

"किती पूर्ण झाली?" काकांनी विचारलं.

"विचारू नका. त्याला आवडत नाही."

ती मुलीकडे ट्रुगानिनाला, दूर दुसऱ्या राज्यात, कायमची जाणार होती. त्याआधी तिला कॅप्टनपासून स्वतःपर्यंत सलग रेघ हवी होती. नव्या खोलीत लावायला.

*

मग जोनच्या डीएनए टेस्टचा रिझल्ट आला. कॅप्टनच्या घराण्याशी रक्ताचं नातं शून्य! जोनने तिथूनच चुलतबहिणीला फोन लावला. कळलं ते असं, की जोनचे आजोबा लहानपणी आईबरोबर त्या घरात आले होते. आईचं ते दुसरं लग्न.

जोनने फोन ठेवला. "म्हणजे मी परक्या माणसाचा वाढदिवस करत होते."

काका म्हणाले, "आमच्यात दत्तक गेलेला त्याच घरचा होतो. त्याच पितरांना पाणी देतो."

"पण कॅप्टनला कुणी विचारलं?"

काका खोडरबर शोधू लागले.

मी ग्रुपमध्ये फारसा बोलत नाही. तरी म्हटलं, "जोन, माझ्याही आईचं दुसरं लग्न आहे. मी पाच वर्षांचा होतो."

"मग तू इथे कुणाचे पूर्वज शोधतोस?"

"बाबांचे. म्हणजे, आत्ताच्या."

"त्यांना माहीत आहे?"

मी नकारार्थी मान हलवली.

जोनने पेन्सिल घेतली. कॅप्टनपासून रेघ खाली आणली, आजोबांपाशी न थांबता थेट स्वतःच्या नावापर्यंत. मग पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

"युअर टर्न, मेट."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शिफ्टला निघाले, तेव्हा मी त्यांचा डबा आणि त्यांच्या पूर्वजांचा कागद घेऊन गाडीपर्यंत गेलो आणि शेजारच्या सीटवर बसलो.