गबदुलचं दुकान

माझ्या ताईच्या वाटेला कुणी जाऊ नये. ती हातबाहुल्यांचे खेळ करते, पोरांना हसवते, म्हणून लोक तिला गरीब गाय समजतात. गाय कसली, डूख धरते ती!

गबदुल हे तिचं अस्वल. शिवताना त्याचं तोंड जरा वाकडं झालं आणि त्या वाकड्या तोंडावरच पोरं फिदा झाली. मग दुधात घालायची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीनं गबदुलला विकत घेतलं आणि ताईसकट टीव्हीवर नेलं. आम्ही हुरळून गेलो. पण तिथं गेल्यावर कळलं, गोष्टीच्या ऐन मध्यावर गबदुलनं पावडरीचा डबा उघडायचा, घोट घ्यायचा आणि नाचायचं.

ताई म्हणाली, "जाहिरात करायची तर उघड करा. गोष्ट सांगता सांगता पोरांना कसलं गंडवता?"

कंपनीचा साहेब हसला. "मावशी, पोरांना काय कळतंय?"

दुसऱ्या दिवसापासून गबदुलच्या आत दुसऱ्याचा हात होता. आवाज मात्र हुबेहूब ताईचा काढत होते, मेले!

"काय कळतंय ते दाखवतेच," ताई म्हणाली. तेवढ्यात बातमी आली, कंपनी गबदुलचा खेळ शाळाशाळांत नेणार, आणि ताईच्या नातीची, टिकलीची शाळा पहिली. ताईला आयतीच संधी मिळाली. तिनं इमारतीतली पोरं जिन्याखाली गोळा केली, त्यांच्या हातांत बाहुल्या घातल्या आणि पडद्यामागं बसवलं. "गोष्ट पळत असते," ती सांगायची. "मधेच सगळे थांबून एखाद्या वस्तूचं कौतुक करायला लागले, की समजा दुकान उघडलं."

पोरांना नादच लागला. टीव्हीसमोर बसून "दुकान! दुकान!" ओरडायची. वरच्या मजल्यावरचे काका भांडायला आले, म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे मला माझी मालिका धड बघता येईना." मी म्हटलं, उत्तम!

शाळेच्या सभागृहात आम्ही दोघी मागं बसलो. स्टेजवर गबदुल विहिरीत पडला, दोर तुटला, पोरांनी श्वास रोखला. आणि गबदुलनं काखेतून डबा काढला.

टिकली ताडकन उठली. "दुकान!"

मग जिन्याखालची सगळी पोरं, मग अख्खं सभागृह. "दुकान! दुकान!" आतला हात गांगरला, गबदुलची मान लटकली. साहेबाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. काय सांगू, माझा जीव थंड झाला!

दारात ताईनं त्याला गाठलंच. "कळतंय हो पोरांना."

घरी येऊन मी चहा टाकला. टिकली दप्तर फेकून ताईला बिलगली. "आजी, तो डबा आणूया ना आपण."

"अगं बये! पहिली तूच ओरडलीस ना? दुकान ओळखलंस ना?"

"ओळखलं की. पण मला हवाय."

"का?"

"गबदुलला आवडतो ना."

"त्याला कसलं आवडतंय? कापडाचा आहे तो. आतून तो माणूस बोलतो."

"माहितीये मला," टिकली वैतागून म्हणाली. "पण गबदुल माझ्याशी कधी खोटं बोललाय का? सांग ना, बोललाय कधी?"

उत्तराला न थांबता टिकली खेळायला पळाली. ताईनं तिचं फेकलेलं दप्तर उचललं.

"गबदुलच्या आत मी होते ना, मेल्यांनी माझा शब्द नेला गं विकायला," ती मला म्हणाली.