बुटक्या खुर्चीवरच्या जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊबाई चाळिशी ओलांडली तरी हृदय दाखवायला मुलांच्या डॉक्टरांकडेच जात. भिंतीवर ससे रंगवलेले, खुर्च्या गुडघ्याएवढ्या. तिथे अंग चोरून बसलेल्या जाऊबाईंना एखादी आई विचारायची, तुमचं मूल कुठाय? जाऊबाई गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, "मीच ते."

जन्मतःच त्यांच्या हृदयाच्या रक्त ढकलणाऱ्या दोन कप्प्यांपैकी एक नावापुरता होता. या डॉक्टरांनी लहानपणीच सर्जनकडून ऑपरेशन करवून रक्ताची वाट वळवली, म्हणजे उरलेल्या एका कप्प्यावर भागावं. त्या एका कप्प्यावर बाई शिकल्या, लग्न होऊन आमच्या घरी आल्या, लहान मुलांचे कपडे शिवू लागल्या. त्यांच्या फ्रॉकच्या शिलाईत आत जास्तीचं कापड सोडलेलं असे. त्याला माया ठेवणं म्हणतात. मूल वाढलं की शिलाई उसवायची आणि फ्रॉक सैल करायचा. त्यांच्या हाताखाली शिवताना मी घाईत ती माया कापून टाकायचे आणि बोलणी खायचे.

यंदा त्यांचे पाय सुजले. इस्त्री फिरवतानाही धाप लागायची. डॉक्टर आता म्हातारे झाले होते. त्यांनी मोठ्यांच्या विभागात पाठवलं. हृदयाचा डॉक्टर म्हणजे एकच, अशी माझी समजूत. तिथे तुंबलेल्या रक्तवाहिन्या उघडणारा वेगळा, ठोक्यांची लय बघणारा वेगळा, दमलेली हृदयं बघणारी बाई आणखी वेगळी. पहिला म्हणाला वाहिन्या स्वच्छ आहेत, दुसरा म्हणाला लय ठीक आहे. टोलवाटोलवीनं माझं डोकं फिरलं. तिसरी मात्र खरं बोलली. असं हृदय तिनं पुस्तकातच पाहिलं होतं, हात लावायची तिची हिंमत नव्हती. असं हृदय घेऊन मोठ्या झालेल्यांचेही खास डॉक्टर असतात म्हणे, पण फार दूर. तिनं त्यांना सगळे रिपोर्ट पाठवले. उत्तर आलं: जुनं काम थकलंय, नवं हृदय बसवावं तर यकृतही गेलंय. आता करण्यासारखं काही नाही.

सगळी माणसं चांगली होती, हीच पंचाईत. भांडायचं कुणाशी? आभाळच फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार?

जाऊबाई हट्टानं पुन्हा जुन्या डॉक्टरांकडे आल्या. त्यांनी नेहमीसारखा स्टेथोस्कोप तळहातावर चोळून गरम केला आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"डॉक्टर," जाऊबाईंनी विचारलं, "लहानांचं शिवताना मी माया ठेवते. माझ्या वेळी तुम्ही नव्हती ठेवली?"

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला. "छोटे, तू शाळेत जाशील, एवढंच आम्ही धरलं होतं," ते म्हणाले. "इतकी मोठी होशील असं कुणालाच वाटलं नव्हतं."

मला तिथे थांबवेना. जाऊबाईंनी मात्र त्यांचाच हात थोपटला, म्हणाल्या, चांगलं शिवलंत की, बरंच पुरलं.

बाहेर येऊन त्या पुन्हा त्याच बुटक्या खुर्चीवर बसल्या. त्यांचा नंबर तर होऊन गेला होता. दारातून एकेक मूल आत जात होतं, बाहेर येत होतं. घरी चला म्हणायला माझी जीभ रेटेना. मग मीही शेजारच्या खुर्चीवर बसले.