कमोडच्या बुडाशी

बाबांना लकवा मारला तेव्हा ते अल्लीपूरच्या घरी अंगणात दाढी करत बसले होते. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. वर्ध्याच्या दवाखान्यात अठरा दिवस काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, पण त्यांना उकिडवं बसता येणार नाही, खुर्चीसारखं बसता येईल असा संडास करून घ्या. आमच्या घरी देशी भांडं होतं. हिंगणघाटच्या एका प्लंबरला मी तीन दिवस फोन लावला. तो रोज "उद्या येतो" म्हणायचा. बाबांना घरी न्यायला दोन दिवस उरले, तेव्हा हे काम आपणच करायचं असं मी ठरवलं.

मी वर्ध्याला एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. नळ दुरुस्त करायचा, पंखा उतरवायचा, तर सगळे मलाच हाक मारतात. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले, कमोड टेम्पोत घालून गावी नेला, जुनं भांडं फोडून काढलं. खड्डा भरून वर फरशी टाकली, कमोडचं तोंड खालच्या पाइपात बसवलं आणि बुडाशी गोल व्हाइट सिमेंट भरलं. दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतलं. सरसर गेलं. मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'स्वतः बसवला'.

त्यानंतर मी दर रविवारी गावी जायचो. बाबा भिंतीतला दांडा डाव्या हातानं धरून बसायचे, आई बाहेर थांबायची. संडासात फिनाइलचा उग्र वास यायचा. आई किती स्वच्छ ठेवते, एवढंच माझ्या मनात यायचं.

एका गुरुवारी कॉलेजला अचानक सुटी मिळाली आणि मी न सांगता गेलो. आई संडासात गुडघ्यांवर बसून जुन्या लुगड्याच्या फडक्यानं फरशी पुसत होती. फडकं बादलीत पिळत होती. तिचे गुडघे आधीच गेलेले, जिना चढताना ती कण्हायची.

"काय झालं?"

"काई नाई, आंघोळीचं पानी आलं इकडं," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता उठायला लागली. मी हात दिला तेव्हा तिच्या हाताला तोच फिनाइलचा वास होता.

दुपारभर मी गळती शोधली. आधी वाटलं फ्लशच्या टाकीची नळी असेल. कॉक बंद केला, टेप गुंडाळली, वॉशर बदलला. टाकीचे नट आवळले. फरशी कोरडी करून बुडाशी वर्तमानपत्र पसरलं आणि अर्धा तास बसून राहिलो. कागद कोरडाच. मला बरं वाटलं. मग एकदा फ्लश केलं आणि कागदाची कड हळूहळू काळी पडत गेली. आईकडून कपड्यांची नीळ मागून घेतली, टाकीत घोळली, पुन्हा फ्लश केलं. पांढऱ्या सिमेंटच्या भेगेतून निळं पाणी झिरपून आलं. म्हणजे नळाचं पाणी नव्हतंच ते. कमोडमधून खाली जायचं ते बाहेर येत होतं. आई रोज तेच पुसत होती.

"किती दिवसांपासून हाये हे?" मी विचारलं.

ती ओट्याजवळ पाठ करून उभी होती. "पयल्या आठवड्यापासून."

"मग मले सांगतलं काऊन नाई?"

"तू चिडतं," ती म्हणाली. "अन् तुह्या हातचं काम होय ते. सारे कौतुक करून राह्यले होते."

मी चिडलोच. तिच्यावर. एवढं साधं सांगता येत नाही का, म्हणून आवाज चढवला. आतल्या खोलीत बाबा खाटेवर जागे होते, त्यांनी सगळं ऐकलं असणार. मग मी ती भेग खरवडली, दुप्पट व्हाइट सिमेंट भरलं, वरून सिलिकॉनही लावलं. सगळं उपसून पुन्हा बसवायला हवं, हे मला तेव्हाच कळत होतं. पण शुक्रवारी कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि पाच वाजताची बस गाठायची होती. "आता थेंब येत नाई," असं सांगून मी निघालो.

थेंब तिथून आला नाही. बुडाशी वाट बुजल्यावर पाणी फरशीखालून सरकलं आणि दोन दिवसांनी दारातल्या उंबऱ्यापाशी फुटलं. हे मला नंतर कळलं. पुढच्या रविवारी मी परीक्षेचे पेपर लावत वर्ध्यालाच थांबलो. फोनवर विचारलं, "ठीक आहे ना?" आई म्हणाली, "हो, ठीक आहे."

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी तिचा फोन आला. बाबा कोणाला ओळखत नव्हते. भलतंच काहीतरी बोलत होते, अंग तापलं होतं. शेजाऱ्याच्या गाडीतून त्यांना वर्ध्याला आणलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की अंगातलं पाणी फार कमी झालंय, लघवीत इन्फेक्शन आहे आणि मूत्रपिंडावर ताण आलाय.

"दिवसातून पाणी किती पितात?" त्यांनी विचारलं.

मी आईकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "ग्लासभर," ती म्हणाली. "जेवन पन अर्धी भाकर. म्या लय म्हनलं, ऐकत नाईत."

तिसऱ्या दिवशी बाबा शुद्धीवर आले. आई खाली चहा घ्यायला गेली होती. मी कप त्यांच्या ओठाशी धरला, त्यांनी मान फिरवली.

"बाबा, पानी काऊन नाई पीत तुम्ही?"

त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. मी वाकून कान जवळ नेला.

"मी संडासात गेलो का... तुही माय पुसते."

तेवढंच बोलले आणि डोळे मिटले. मी कप हातात धरून बसून राहिलो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्याची सून खिचडी भरवत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिचडीकडे वळली.

बाबा दवाखान्यात असतानाच मी गावी जाऊन वडनेरचा एक मिस्त्री बोलावला. त्यानं छिन्नीनं माझं सिमेंट फोडलं आणि कमोड उचलून बाजूला ठेवला. खालची माती काळी, चिकट झाली होती. वास असा की आम्ही दोघंही बाहेर आलो. मग त्यानं आत जाऊन पाइपावर दोन बोटं आडवी ठेवून दाखवली. मी फरशी वर घेतली होती, त्यामुळे कमोडचं तोंड पाइपात उतरलंच नव्हतं. दोन बोटांची फट राहिली होती. मध्ये एक जोड टाकला असता तर संपलं होतं.

"बसवला कोनं हा?" त्यानं विचारलं.

"होता एक ओळखीचा," मी म्हणालो.

"त्याले पुन्हा हात नका लावू देऊ."

मी मान हलवली. दिवसभर त्याच्या हाताखाली ती माती घमेल्यातून उचलून मागच्या खड्ड्यात टाकत होतो. खरं सांगायला दोनतीनदा तोंड उघडलं, पण सांगितलं नाही.

बाबा नऊ दिवसांनी घरी आले. कमोड आता कोरडा होता. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर फ्लश करून फरशीवर तळहात फिरवून दाखवला. "पाहा, काईच नाई." त्यांनी पाहिलं. पण त्यानंतरही ते पाणी मोजूनच पीत राहिले. ग्लास पुढे केला की आधी आई कुठे आहे ते बघायचे, दोन घोट घ्यायचे, आणि डाव्या हातानं ग्लास सारून द्यायचे. मी विनवलं, रागावलो, एकदा रडलोसुद्धा. आई गुळाचं पाणी करून द्यायची, तेही अर्धंच.

वैशाखात मूत्रपिंडं बंद पडली आणि ते गेले. डॉक्टर म्हणाले, लकव्याच्या आधीपासूनच साखरेनं ती खराब झाली असावीत. तसं असेलही. आईनं मला त्या कमोडवरून कधी एक शब्द ऐकवला नाही, आणि तिला त्या दिवसांबद्दल विचारण्याचं धैर्य मला अजून झालेलं नाही.