नायकाची निरगाठ

माझ्या कथेतल्या नायकाला धड गाठ मारता येत नाही, हे मला एका गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेही लग्नाची बोलणी चालू असताना.

आधी कथेचं सांगते. नवरा गेल्यावर मी अंकुशनगरच्या शाळेत शिकवत राहिले. घरी आलं की मी आणि मोबाईल. एका ॲपवर मराठी कथा वाचायची सवय लागली आणि वाचता वाचता एक दिवस बीडीएसएम रोमान्सच्या कप्प्यात पाय पडला. असतात प्रेमकथाच, पण त्यात एक जण दुसऱ्याला बांधतो, हुकूम सोडतो आणि दुसरा आपखुशीनं ते मानतो. मी घाबरून मोबाईल उशीखाली दडवला. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी दडवला. आणि मग काढला.

मला वेड लावलं ते दोऱ्यांनी नाही. त्यातला पुरुष प्रत्येक वेळी विचारतो. हात धरू? चालेल? आणि बाईनं आधी ठरवलेला एक शब्द उच्चारला की सगळं तिथल्या तिथं थांबतं. इकडे नवरा गेल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं. टिकली लावायची की नाही, कार्यक्रमात पुढं बसायचं की मागं, सगळं परस्पर ठरायचं. हात तर बीपी बघणाऱ्या नर्सशिवाय कुणी धरला नव्हता.

पण त्या कथांमधले नायक सगळे चाळीस मजली इमारतींचे मालक आणि नायिका बावीस वर्षांच्या. नवरा गमावलेली, केसांना मेंदी लावणारी बाई औषधालाही नाही. मला राग आला आणि राग आला की मी गप्प बसत नाही. टोपणनाव घेऊन मीच लिहायला बसले. माझी नायिका विधवा, राहते कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. भिंती इतक्या पातळ की नायकाला हुकूमसुद्धा कुजबुजत द्यावे लागतात. खाली बायकांच्या प्रतिक्रिया यायच्या, ‘पुढचा भाग लवकर टाका, वाचता वाचता भाजी करपली.’ लिहिताना छातीत असं धडधडायचं की वाटायचं, अगं, तू अजून आहेस की!

अशात अंबडला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, स्थळ आणलं. जाफराबादचे गुरांचे डॉक्टर, पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेली. आम्ही दोनदा भेटलो. बायकोचा विषय निघाला की लोक आवाज खाली घेतात, तसं ते करत नसत. तिच्या हातचं भरीत, तिचं भांडण, सगळं मोकळेपणानं सांगायचे. मला ते आवडले. उगाच आडपडदा कशाला, फार आवडले. म्हणूनच त्यांना कथेचं सांगायचं ठरवलं.

“कशाला सांगून राह्यलीस?” अक्का म्हणाली. “चांगलं जुळून आलंय. हातानं वाटोळं करून घेऊ नको.”

“अक्का, माझी नायिका सगळं आधी बोलून घेते. अन् मी लपवून लग्न करू?”

“ती नायिका हाय. तिला नणंदा न्हाईत.”

मी डॉक्टरांना कथेची लिंक पाठवली. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. वर्गात एकच गणित मी फळ्यावर दोनदा सोडवलं. मुलांनी निमूट दोनदा उतरवून घेतलं. मग निरोप आला, ‘रविवारी अंबडला येतो. बोलायचंय.’

“झालं,” अक्का म्हणाली. “बोलायचंय म्हंजी मोडायचंय.”

रविवारी ते अक्काच्या घरी आले. अक्का चहाला आत गेली. मी लाकडी खुर्चीत ताठ बसले होते.

“मॅडम, सगळे भाग वाचले. शेवटचे एसटीत वाचले. शेजारचा माणूसही वाकून वाचून राह्यल्ता. जालना आलं, मी उतरायला उठलो तर म्हणतो, थांबा, एवढा भाग होऊ द्या.”

मला हसू आलं नाही. जीव टांगणीला लागला होता.

“पण एक गोष्ट बिलकुल पटली न्हाई,” ते म्हणाले. “तुमचा नायक निरगाठ मारतो.”

“काय?”

“निरगाठ. तिनं थांबायचा शब्द काढला, अन् हा दोन्ही हातांनी गाठ उकलत बसला. तेवढा वेळ तिनं काय करायचं? ज्याचा जीव हाय तिच्यावर, तो अशी गाठ मारंल? आम्ही जनावर बी असं बांधत न्हाई. दचकलं, पडलं, तर एका हिसक्यात दावं सुटलं पाहिजे.”

“आणि एवढ्यासाठी मला इतके दिवस तंगवत ठेवलं?” मी भडकले.

“मेसेजमध्ये गाठ कशी लिहिणार? बराबर दाखवावं लागतं.”

खिडकीत कपडे वाळत घालायची नवी दोरी पडली होती. ती घेऊन त्यांनी माझ्या खुर्चीच्या हाताला सुरगाठ मारली आणि टोक माझ्याकडं दिलं. “ओढा.” मी ओढलं. दोरी गळून पडली. मी त्यांना पुन्हा बांधायला लावलं, पुन्हा ओढलं. माझे कितीतरी भाग चुकले होते आणि मला आनंदानं उड्या माराव्याशा वाटत होत्या. हा माणूस माझी कथा दुरुस्त करायला जाफराबादहून आला होता!

मी उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेवला. “आता इथं दाखवा.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “चालंल?”

खरोखरच्या माणसानं मला ते विचारलं होतं. “चालेल,” मी म्हणाले.

मनगटाभोवती त्यांनी सैलसर फेरा घेतला, मध्ये बोट घालून पाहिलं आणि टोक त्याच हाताच्या मुठीत ठेवलं. मग म्हणाले, “थांबावं वाटलं की ओढायचं. मला इचारायची गरज न्हाई.” मला त्या क्षणी माझा नवरा आठवला. आठवला, आणि तरी हात काढून घ्यावासा वाटला नाही.

तेवढ्यात अक्का ट्रे घेऊन दारात आली. “अगं बाई! हे काय करून राह्यलात?”

“गाठ शिकवून राह्यलो,” डॉक्टर कानापर्यंत लाल झाले.

“मंग सोडा आता. चहा गार होतोय.”

“सोडायचं टोक मॅडमकडं हाय.”

अक्कानं माझ्या मुठीकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं. आणि तिनं कप माझ्या दुसऱ्या बाजूला ठेवला. चहा मी डाव्या हातानं प्यायले.