हळद प्यालेला रेडिएटर

धाकटी नणंद ऑटोतून उतरली तेव्हा तिच्या हातात लग्नाच्या पत्रिका असतील असं मला वाटलं. होतं एक रुंद, चपटं खोकं.

"नवा रेडिएटर हाय," ती फाटकातूनच म्हणाली. "आता सांग वैनी, काहून येत नाहीस?"

तिच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. आमच्याकडे नवरीला मामा हाताला धरून अंतरपाटापर्यंत आणतो. मामा म्हणजे माझे यजमान. ते गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेले. आता मुलीला मामीनंच आणावं, असा नणंदेनं हट्ट धरला होता. मी त्यावर हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. लग्नघरात हळदीकुंकवाचं ताट फिरू लागलं की कुठल्या कोपऱ्यात सरकायचं, हे मी एव्हाना शिकले होते. मांडवाच्या मधोमध उभं राहणं मला झेपेल असं वाटत नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं होतं की आपल्या गाडीनं येईन, म्हणजे जीव घाबरला तर उठून परत निघता येईल. नेमकी त्याच आठवड्यात गाडी कामठी रस्त्यावर वाफा सोडत बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, रेडिएटर गेलाय, पण एप्रिलात सगळ्यांच्याच गाड्या तापतात, पुढच्या आठवड्यात आणा. मला वाईट वाटायला हवं होतं. पण सुटल्यासारखं वाटलं.

"अगं, तुझ्या घरी लग्न, आणि तू इथे पाने-पक्कड घेऊन बसणार?"

"घरी साऱ्या बाया मले कामं सांगून राहिल्या. इथं मी तुले सांगीन." तिनं पदर खोचला. "आमच्या ट्रॅक्टरचा दोनदा बदलला हातानं. हे तं खेळणं हाय."

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या घराला पोर्च आहे, त्यामुळे सकाळी नऊपर्यंत तरी सावली असते. रात्रभर उभी असलेली गाडी थंडगार होती. मी पुस्तक वाचावं तशी इंजिनकडे बघत उभी राहिले. नणंदेनं धुण्याचा टब खाली सरकवला, खालच्या पाइपची क्लिप सैल केली आणि पाइप ओढला.

टबात जे पडलं ते पाणी नव्हतं. पिवळाधम्मक, घट्ट गाळ होता. आणि वास आला तो चक्क फोडणीच्या डब्याचा.

"हळद!" नणंद ओरडली. "दादानं रेडिएटरले हळद पाजली वं!"

ट्रकवाले आणि ट्रॅक्टरवाले असं करतात, हे तिनंच मला सांगितलं. बारीक गळती असेल तर आत हळद टाकायची, ती फुगून भोक बुजवते. मी पायरीवर बसले. यजमान जायच्या आधीची दोन वर्षं माझ्या डब्यातली हळद महिना संपायच्या आत संपत होती. मी दुकान बदललं, चमचा बदलला, एकदा तर त्यांनाच विचारलं. ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले होते, "तू भाजीत जास्त टाकतेस."

मला हसू आलं. सुरुवातीला नुसतं नाकातून, मग थांबेचना. नणंद टबाशेजारी फतकल मारून हसत होती. शेजारच्या काकू गच्चीतून वाकून बघून गेल्या. त्या घरात इतक्या महिन्यांत मी मोठ्यानं हसले नव्हते.

पंख्याची वायर सोडली, चार बोल्ट काढले, जुना रेडिएटर दोघींनी मिळून उचलला, नवा बसवला. पाइप जोडले. वरून पाणी आणि कूलंट भरून मी गाडी सुरू केली. पाचेक मिनिटांत खाली टपटप ऐकू आली.

नणंदेनं वाकून ओल बघितली आणि तिचा चेहराच उतरला. "नवाच फुटका देल्ला दुकानवाल्यानं." ती पायरीवर येऊन बसली. मग फार हळू आवाजात म्हणाली, "जाऊ दे वैनी. तुह्या मनातच नसन तं म्या काहून ओढून राहिली. पोरीले तिचा काका आनन. मी नाराज नाही होणार."

मी गाडी बंद करून वाकले. रेडिएटर चांगला होता. खालच्या पाइपची क्लिप आवळायची राहिली होती आणि थेंब तिथूनच पडत होते. तिला ते दिसलं नव्हतं. मी नुसती गप्प राहिले असते, तर सुटले असते. गप्प राहणं मला जन्मभर जमलं आहे.

"पेचकस दे," मी म्हटलं.

"काहून?"

"क्लिप सैल आहे."

मी पोटावर झोपून पेचकस फिरवत ती आवळली, हात दुखेपर्यंत. मग कमी झालेलं पाणी भरून पुन्हा इंजिन सुरू केलं. आतली हवा निघावी म्हणून नणंदेनं हीटर पूर्ण लावायला सांगितला. नागपुरात एप्रिलात हीटर लावून बसलेल्या आम्ही दोघीच असू. घाम डोळ्यांत जात होता. तापमानाचा काटा हळूहळू चढला, मध्यावर आला आणि तिथेच थांबला. आम्ही बराच वेळ बघत राहिलो. हलला नाही.

"मुलीला मी आणते," मी म्हटलं. "पण साडी मी ठरवणार. तू दिलेली ती जांभळी नाही."

नणंदेनं तेलकट हातानंच फोन काढला, घरी लावला, आणि आमच्या लेआउटमधल्या सगळ्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अवं, काकाले सांग, तू नुसता जेवाले ये! मामी येऊन राहिली!"