लाडवाएवढा गुरू

धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, त्या वर्षी अमेरिकेत ग्रहांवर संशोधन करणारा माझा चुलतभाऊ तंजावरला व्याख्यान द्यायला आला. राजवाड्याजवळच्या सभागृहात त्यानं रव्याचा लाडू उंच धरला आणि बाळाला भरवताना बोलतात तशा घरच्या मराठीत म्हणाला, "हा बघा गुरू!"

त्याला लहानपणी गणित शिकवलेली आत्या पहिल्या रांगेत होती. तिनं विचारलं, "तुकडे आत किती खोल गेले?"

दीडशहाणा हसला. "आत्या, ते तुम्हा लोकांना कळायचं नाही."

घरी आल्यावर त्यानं मोठ्या ऐटीत मला आपला शोधनिबंध वाचायला दिला. शेवटी, जगभरच्या तज्ज्ञांसमोर, त्यानं अगदी नम्रपणे लिहिलं होतं की तुकडे किती खोल गेले हे आम्हालाही कळलेलं नाही.

एवढं खरं ऐकायची आत्याची लायकी नव्हती. तिच्या वाट्याला लाडू.