टोपलीखालचे गहू

ओल्या मातीत भिजलेल्या गव्हाचा वास आला, की मला सासरचा पहिला श्रावण आठवतो. वडील अमरावतीला इंग्रजांच्या कोर्टात वकील, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. अकोल्यात सासूबाईंनी भुजल्यांचे, म्हणजे श्रावणात उगवून, पूजून पाण्यात सोडायच्या अंकुरांचे, गहू पेरायचा मान थोरल्या जावेकडून काढून मला दिला. टोपलीखाली झाकलेले अंकुर पिवळेधमक निघाले तरच सून लक्ष्मीच्या पायाची, असा गल्लीचा कायदा. मी जावेलाच विचारलं. ती मायेनं म्हणाली, “रोज घडीभर ऊन दाखव बाई. आधी हिरवे दिसतीन, भेऊ नको, मंग हळदीवानी होतेत.” मी इमानानं परसात ऊन दाखवलं, पाणी शिंपडलं. विसर्जनाला बायका जमल्या, सासूबाईंनी टोपली उचलली, तर आत हिरवंगार शेत. “बैलायले चारा पेरला का वं? ऊन दाखवाले कोनं सांगतलं तुले?” मी जावेकडे पाहिलं. ती पदर सावरत म्हणाली, “जाऊ द्या ना आत्याबाई, अमरावतीकडं तसंच करत असतीन.” आता आम्ही दोघी म्हाताऱ्या व्हायला आलो. तिच्या हातचं लोणचं मी मिटक्या मारत खाते. पण बाहेर ऊन पडलंय असं ती म्हणाली, की मी एकदा अंगणात जाऊन बघून येते.